मी गोलावर बोट दाखवलं होतं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा शिवणकाम, सध्या डाव्या गुडघ्याने बेजार, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. असं लिहावं लागतं म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर गेल्या मंगळवारी दुपारी सराफाच्या दुकानात ती जी जागची हलली, ती अजून पुरती ठिकाणावर आलेली नाही. पण वकीलबाई म्हणतात, धक्का बसणं म्हणजे बुद्धी जाणं नव्हे. तेव्हा शाबूत.

यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्यात मी प्रत्येकाला काय आवडतं ते मला पक्कं ठाऊक आहे असं धरून वाटणी केली होती. मंगळवारनंतर मला घरातल्या कुणाचंही काहीही ठाऊक नाही, असं माझं मत झालेलं आहे. रद्द का केलं याचा खुलासा द्यावा लागत नाही, असंही वकीलबाई म्हणाल्या. मी देणार. माझं मृत्युपत्र आहे.

खुलासा. माझे पती हिऱ्यांना पैलू पाडतात. माझे सासरेही तेच करत. त्या घरात रीत अशी होती की मुलगी ठरली की तिच्यापुढे नमुन्याच्या खड्यांचं तबक ठेवायचं, आणि ती दाखवील त्या आकाराचा हिरा होणाऱ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने पाडायचा. खडे दोन ओळींत मांडलेले होते: गोल, लंबगोल, थेंब, बदाम, होडी, चौकोनी. हिऱ्याला बोटाचं तेल चटकन चिकटतं, म्हणून सासूबाईंनी आधीच बजावलं, "हात लावायचा नाही हं, नुसतं दाखवायचं." मी आपली आज्ञाधारक. बोट चांगलं वीतभर वर धरलं आणि गोल खडा दाखवला. गोल पलीकडच्या ओळीत होता. त्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला, चौकोनी होता. हे माझ्या समोर बसले होते.

तेवढ्यात माझी नणंद ओरडली, "चौकोनी! अगंबाई, मुलीची नजर केवढी तयार!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला सांगून पाठवलं होतं की पहिल्या दिवशी उलटं बोलायचं नाही. आणि मला वाटलं, यांनाच चौकोनी पाडायचा असणार, बहिणीला आधीच सांगून ठेवलं असणार. म्हटलं, असू दे. माणूस चांगला दिसतोय, खड्याचं काय एवढं!

यांनी चौकोनी हिरा पाडला. कोपरे जरासे छाटलेले, बाजूंना पायऱ्यांसारखे पैलू. तो मी लग्नापासून आजपर्यंत बोटात घातला. रेशमी कापड शिवताना त्याचा कोपरा अडकायचा आणि धागा ओढला जायचा, म्हणून मी खडा तळव्याकडे वळवून शिवायची. एका गिऱ्हाइकाचा झगा त्यापायी मला नव्याने शिवून द्यावा लागला. मी एका शब्दाने बोलले नाही. यांची आवड आहे ना, मग आपण सांभाळून घ्यावं, एवढाच विचार.

आता मंगळवार. आमच्या नातीचं लग्न ठरलंय. तिची अंगठी करायला ती, मी आणि हे असे तिघं सराफाकडे गेलो. सराफाने निरनिराळ्या आकारांच्या अंगठ्या पुढे ठेवल्या. पोरीची नजर थेंबावर खिळलेली मला स्पष्ट दिसत होती. दोनदा तिने तो बोटात घातला, दोनदा काढला. आणि म्हणाली, "चौकोनीच दाखवा. आजीसारखा."

हे हसले. म्हणाले, "बाळ, आजीला आवडतो म्हणून तुला आवडलाच पाहिजे असं नाही. मला विचारशील तर चौकोनी खडा म्हणजे बंद दुकानाची काच. चमक नाही, काही नाही. पण तुझ्या आजीने मागितला, म्हणून पाडला."

मी म्हटलं, "कुणी मागितला?"

"तू."

"मी?"

"मग कुणी, मी? तूच बोट दाखवलंस चौकोनावर."

"अहो, मी गोलावर दाखवलं होतं!"

सराफाच्या चिमट्यात एक खडा होता. तो चिमटा तसाच हवेत राहिला. नात आधी खो खो हसली आणि मग आमच्या तोंडांकडे बघून तिचं हसू उडालं. "म्हणजे तुम्हा दोघांनाही तो आवडत नव्हता?" तिने विचारलं.

सराफ शहाणा माणूस. त्याने आम्हाला समोरासमोर बसवलं, मला विचारून खडे तसेच दोन ओळींत मांडले, ते तबक मधे ठेवलं आणि मला म्हणाला, "आजी, त्या दिवशी दाखवलं तसंच दाखवा बघू." मी वीतभर वर बोट धरलं. मला ते गोलावर दिसत होतं. उठून यांच्या बाजूला जाऊन बसले, नातीला माझ्या जागेवरून तसंच बोट धरायला लावलं, आणि बघते तर काय, बोट थेट चौकोनावर! हे स्टुलावर बसले ते उठेनात. आमचा सगळा संसार त्या वीतभर अंतरावर उभा होता, आणि आम्हाला पत्ता नाही.

खुलासा संपला. आता कलमं.

कलम एक, राहतं घर. हे घर माझ्या आणि यांच्या दोघांच्या नावावर आहे. माझा हिस्सा यांच्याकडे जावा आणि यांच्यानंतर मुलाकडे. जुन्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की मागची शांत खोली यांच्या कामाला कायम ठेवावी, कारण यांना शांतता प्रिय. बुधवारी सकाळी यांना विचारलं तर म्हणतात, "मला? मला रस्ता बघायला आवडतो. पुढची खोली तुला हवी म्हणून मी मागे गेलो." आणि मी जन्मभर त्या रस्त्याच्या गोंगाटात मशीन चालवली, कारण मागची यांना हवी! मी कपाळावर हात मारून घेतला. खोल्यांची अदलाबदल गुरुवारी झालेली आहे. सबब हे कलम आता नुसतं हिश्श्यापुरतं आहे.

कलम दोन, बचत. बँकेत माझ्या नावावर जे काही असेल ते मुलगा आणि नात यांना सारखं द्यावं. यात मला कुणाला काही विचारायची गरज वाटली नाही. पैसा सगळ्यांना आवडतो.

कलम तीन, हत्यारं. शिलाई मशीन नातीला, तिने स्वतःच्या तोंडाने मागितली म्हणून. मोठी कात्रीही तिलाच. त्या कात्रीने कागद कापल्यास मी जिथे असेन तिथून परत येईन, हे तिने लक्षात ठेवावं. मुलाला मी पूर्वी काहीच शिवणाचं ठेवलं नव्हतं. आई शिंपीण आहे हे सांगायची त्याला लाज वाटते, असा माझा समज. शाळेत असताना त्याने एकदा मित्रांना दारातूनच परत पाठवलं होतं, त्यावरून मी तो करून घेतला. परवा फोनवर विचारलं, "तुला माझं काय हवंय रे?" तर लगेच म्हणाला, "कापड बेतायचं टेबल. त्याच्याखाली बसून मी अभ्यास केलाय, आई. दुसऱ्या कुणाला दिलंस तर याद राख." मित्रांचं विचारलं, तर म्हणे त्या दिवशी गणितात नापास झाला होता आणि मित्र ते सांगतील म्हणून त्यांना आत घेतलं नाही. टेबल मुलाला.

कलम चार, माझी नणंद. हिच्याबद्दल जुन्या मृत्युपत्रात मी एक पूर्ण पान लिहिलं होतं. ते वाचून वकीलबाईंनी गाळायला सांगितलं होतं आणि मी गाळलं नव्हतं. बुधवारी मी तिला फोन लावला. म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी चौकोनी असं का हो ओरडलात?"

"कोण, मी?" ती म्हणाली. "वहिनी, मला तर खडे दिसतही नव्हते. चष्मा सासरी राहिलेला. दादा वाकून कुठे बघतोय ते पाहिलं आणि अंदाजाने ओरडले. कुणीतरी बोलायला नको का? सगळे आपले गप्प!"

अंदाजाने! जिच्यावर मी आयुष्यभर दात ओठ खाल्ले, तिचा नुसता चष्मा विसरला होता. तिला माझी मोरपिशी शाल द्यावी, आणि माझा दूरचा चष्मा. नंबर जुळला नाही तरी द्यावा.

कलम पाच, नातीची अंगठी. ही माझी मालमत्ता नाही, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिता येत नाही असं वकीलबाई म्हणतात. तरीही लिहिते. बुधवारी संध्याकाळी पोरीला समोर बसवलं आणि म्हटलं, "खरं सांग, थेंब आवडला ना?" ती रडायला लागली. म्हणाली, "आजी, तुला वाईट वाटेल म्हणून चौकोनी म्हटलं गं." मी म्हटलं, "मला वाईट वाटेल म्हणून या घरात आणखी कुणी काही केलं, तर मी त्याला काठीने बडवीन." काल ती आम्हाला न घेता, होणाऱ्या नवऱ्याबरोबर जाऊन थेंब ठरवून आली. त्याला होडी आवडली होती. त्याने तसं तोंडावर सांगितलं, हिने नाही म्हणून सांगितलं, आणि दोघं हसत घरी आली. मला त्या मुलाबद्दल फार आशा वाटते.

कलम सहा, माझा हिरा. हा लग्नात मला दिलेला, सर्वस्वी माझा आहे.

मंगळवारपासून हे दोन दिवस जेवले, झोपले, पण हिऱ्याबद्दल बोलले नाहीत. गुरुवारी खोल्यांचं सामान हलवून झाल्यावर माझा हात ओढून घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि अंगठी तशीच बोटात ठेवून हिरा बराच वेळ बघितला.

"एवढी वर्षं हा घालून शिवलंस?"

"हो."

"आवडत नसताना?"

"तुम्ही पाडला होतात ना."

यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "काम मात्र चोख झालंय. चौकोनात चूक लपत नाही, माहितेय? एक पैलू वाकडा गेला की सगळा खडा तिरळा दिसतो. तीनदा वाटलं सोडून द्यावं. पण तू मागितला होतास."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. हे म्हणाले, "घासू या. गोल करून देतो." मी म्हटलं, "आणि तुम्हाला कुठला आवडतो?" माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी परक्या भाषेत विचारलं. "मला? मला कधी कुणी विचारलं नाही. गिऱ्हाईक सांगतं, मी पाडतो."

"मी विचारतेय."

"लंबगोल," हे म्हणाले.

लंबगोल! मी उडालेच. अंड्यासारखा तो आकार मला बघवत नाही, आणि हे मी यांना तिथल्या तिथे सांगितलं. यांनी मला सुनावलं की गोल केला तर निम्मा हिरा चाकावर वाया जाईल, आणि गोल काय, कुणीही उठतो आणि गोल मागतो. मी म्हटलं, कुणीही मागतो कारण चांगला दिसतो. भांडण आज सकाळपर्यंत चालू होतं. आमच्या लग्नानंतर या विषयावरचं हे पहिलंच. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर काय झालं म्हणून बघायला वर आले, त्यांना आम्ही साक्षीला बसवून घेतलं.

तरी या हिऱ्याबाबत माझी इच्छा अशी.

आम्ही दोघं हयात असेपर्यंत भांडण चालू राहील. त्यात कुणी मधे पडू नये.

मी आधी गेले, तर हिरा यांचा. यांनी तो लंबगोल करावा. मला गोल हवा होता म्हणून गोल करायला हे जातील, म्हणून कायद्याने बजावून ठेवते: लंबगोल, आणि तोही यांच्या मनासारखा. यांच्यानंतर तो नातीचा.

हे आधी गेले, तर हिऱ्याला कुणीही चाक लावायचं नाही. मी सांगितलं तरी लावायचं नाही. तो चौकोनीच राहील आणि माझ्या बोटात राहील; माझ्यानंतर तो नातीचा. तो मला आजही आवडत नाही, आणि हे वाक्य वकीलबाईंनी गाळू नये. पण यांना स्वतःला न आवडणारा आकार, केवळ मला हवा आहे असं वाटून, यांनी महिनोन्महिने चाकावर वाकून पाडला. माझ्यासाठी तेवढं दुसऱ्या कुणी केलेलं नाही, आणि हे मला मंगळवारी कळलं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो मला समजला, आणि त्यात लिहिलेलं, बचत सोडून, सगळं मी संबंधितांना तोंडाने विचारून मग लिहिलं आहे.

ठिकाण: राहत्या घरातली मागची, आता माझी, खोली.
दिनांक: महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारच्या जेवणाआधी.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिले: सराफ. मंगळवारी हजर होतो. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे: दातांचे डॉक्टर, खालचा मजला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांच्या यजमानांना या कागदातून लाभ होत असल्याने वकीलबाईंनी त्यांना सहीच्या वेळी पुढच्या खोलीत बसवलं होतं. तिथून ते "लंबगोल लिहिलंस का?" असं दोनदा विचारत होते, आणि बाईंनी दोन्ही वेळा "हो" असं मोठ्याने उत्तर दिलं.