मिलाडाचा नामदिवस

प्रिय हिनेक,

फोनवर तू आधी विचारतोस, "मिलाडा कशी आहे?" आणि मग, "तू जेवलीस का?" माझं डोकं सणकतं आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र. तुझी मिलाडा मजेत आहे. फ्रिजमध्ये, गाजरांच्या कप्प्यात, काचेच्या नळीत आपल्या प्रजेला बिलगून झोपलीय. तिच्यावर उजेड पडू नये म्हणून मी आतला दिवासुद्धा काढून ठेवलाय, लोणी चाचपडत शोधते. मार्चपर्यंत राणीसाहेबांची हिवाळ्याची झोप मोडायची नाही, हे डोंगरावर कामाला जाताना तू दहादा बजावलंस. बायकोला थंडी वाजते का, हे एकदाही विचारलं नाहीस. हो, जळते मी एका राणीमुंगीवर! हस खुशाल.

तिचं नाव कुठून आलं विचारलं, तेव्हा तू म्हणालास, कॅलेंडरवर रोज एक नाव छापलेलं असतं, सापडली त्या दिवशी जे होतं तेच ठेवलं. मला ते फार आवडलं होतं. आणि परवा कचेरीत ब्लाहोव्हाबाईंनी तबकभर सँडविचं आणली. म्हटलं, आज काय विशेष? तर म्हणतात कशा, "अगं, आठ फेब्रुवारी, कॅलेंडरवर मिलाडा, म्हणजे माझा नामदिवस! घे की अजून एक." हातातलं सँडविच तसंच खाली ठेवलं. फेब्रुवारीत कुठली राणीमुंगी उडत येऊन सापडते रे? जुलैच्या उकाड्यात उडतात, हे तूच तर मला शिकवलंस.

सासूबाईंना फोन लावून विचारलं, ही मिलाडा कोण? त्यांच्या पोटात काही राहील तर शपथ! म्हणाल्या, "ती ओलोमोउत्स शहरातली मिलाडा गं. तिनं दुसऱ्याशी लग्न ठरवलं, त्या उन्हाळ्यात हा अंगणात तोंड पाडून बसायचा. घर पाहुण्यांनी भरलेलं, हा एकटा कोपऱ्यात, आणि ती पंखवाली मुंगी आली ती याच्या बाहीवर उतरली." म्हणजे इतके हिवाळे मी तुझ्या जुन्या प्रेमाला गाजरांशेजारी निजवतेय! तशीच उठले, नळी काढून खिडकीतल्या उन्हात नेली. म्हटलं, होऊ दे जागी, मरू दे मेली. एकीनं मिशी हलवली, बाकी सगळ्या गाढ. नळी परत गाजरांत ठेवली. तिचा बिचारीचा काय दोष?

मग सासूबाईंना पुन्हा फोन करून विचारलं, पाहुणे कशाला जमले होते? "अगं, माझ्या थोरल्या बहिणीचा नामदिवस. तुझ्याच नावाची ना ती." म्हणजे बावीस जुलै. हिनेक, त्या दिवशी कॅलेंडरवर माझं नाव होतं! आपली ओळखसुद्धा नव्हती तेव्हा. कॅलेंडरचं खरंच ऐकलं असतंस, तर ती माझ्या नावाची झाली असती. म्हणून लिहितेय. मार्चमध्ये मी तिला उठवणार नाही. तू घरी ये, तूच बाहेर काढ आणि तूच हाक मार. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असेन. कोणत्या नावानं हाक मारतोस, तेवढं मला ऐकायचंय.

कॅलेंडरप्रमाणे तुझीच,
माग्दालेना