डोकं टेकल्याचा डाग

२० एप्रिल १९८९, गुरुवार

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. कल्याणच्या पुढे, विठ्ठलवाडीच्या अलीकडे खाडीच्या अंगाला विद्यापीठाच्या मुलांचं वसतिगृह आहे, तिथे. साफसफाई, नळ, दिवे, रंग, पडेल ते काम. वागळे इस्टेटची कंपनी बंद पडल्यापासून हाताला काम नव्हतं. आज पाना हातात घेतला आणि बरं वाटलं.

जिन्याखालची खोली मिळाली. लहान आहे, पण खिडकी आहे. रंगू डोंबिवलीहून सोबत आलेली. तिने स्टोव्ह लावून दिला, माझ्या बायकोचा, हौसाचा फोटो खिळ्याला अडकवला आणि जाताना पुन्हा तेच बोलली, दादा, इथं एकटा कशाला राहतोस, आमच्याकडे ये. धाकटी बहीण आहे, तिला वाटणारच. पण त्यांची एक खोली, त्यात नवरा, सासू, पोरं. मी कुठे पाय पसरू? शिवाय इथे एकटा कसला? शंभरेक पोरं आहेत. संध्याकाळी कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज, कुणी गातंय, कुणी बाथरूममध्ये ओरडतंय. हौसा गेल्यापासून माझ्या कानाला असा गलका लागला नव्हता. आज भाकरी जास्त खाल्ली.

ही डायरी कचऱ्यात सापडली. कुठल्याशा औषध कंपनीची, कोरी. टाकवेना.

२५ एप्रिल, मंगळवार

परीक्षा संपल्या. पोरं गावी निघालीत. दिवसभर ट्रंका उतरवल्या. पोरं मला मामा म्हणतात. सांगलीकडचा एक जण उरलेली शेंगदाण्याची चटणी देऊन गेला, म्हणाला, मामा, जूनमध्ये आल्यावर बरणी परत द्या. मी म्हटलं, भरून देतो.

रेक्टर साहेबही गावाला चाललेत. सुट्टीत करायची कामं त्यांनी समजावून दिली. खाटा उन्हात टाकून ढेकणांचा बंदोबस्त, तुंबलेले संडास, गळके नळ, आणि सगळ्या खोल्यांना डिस्टेंपर. ऑफिसच्या फोनची किल्ली गेटावरच्या गोमाजीकडे दिली. गोमाजी इथल्याच कोळीवाड्यातला, सकाळी येतो, दिवेलागणीला घरी जातो.

२८ एप्रिल, शुक्रवार

मजल्यावर मजले मोकळे. एक गंमत दिसली. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीवर तेलाचा गोल डाग आहे. पोरं भिंतीला डोकं टेकून अभ्यास करतात, केसांचं तेल वर्षभर भिंत पिते. डाग बघून पोरगा ओळखता येतो. उंच असला की डाग वर, आळशी असला की पार खाली उशीशी. एका खोलीत दोन खाटांच्या मधोमध मोठा डाग दिसला, दोघं एकाच पुस्तकात वाचत असणार. मला एकट्यालाच हसू आलं. हसल्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला आणि परत आला.

पॉलिश पेपरने घासायचं, वर चुन्याचा हात, मग डिस्टेंपर. जमतंय.

२ मे, मंगळवार

दुसऱ्या मजल्यावर पोचलो. अगदी टोकाच्या खोलीत एकच खाट आहे. तिथला डाग वेगळा आहे. डोकं आहे, खाली मान आहे, दोन्ही खांदे आहेत. कुणीतरी फार वेळ तिथे टेकून बसल्यासारखा. खूप घासला. दोन हात दिले. संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी स्वच्छ झाली.

काम करताना मी मोठ्याने बोलायला लागलोय. आता ब्रश धुवायचा, आता शिडी हलवायची, असं. दिवसभरात गोमाजीचा एक राम राम सोडला तर माणसाचा शब्द कानावर पडत नाही.

५ मे, शुक्रवार

टोकाच्या खोलीतला डाग परत आलाय. वाटलं ओल आहे, पण भिंत कोरडी ठणठणीत. बोट लावलं तर तेलकट. वास घेतला, खोबरेल. रंगात भेसळ असेल म्हणून दुसरा डबा फोडला. पुन्हा घासलं, पुन्हा दोन हात.

९ मे, मंगळवार

पुन्हा आलाय. आता पाठही दिसते, आणि मांडीवर ठेवावा तसा एक हात.

गोमाजीला बोलावून दाखवला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. मग जिन्यात बसून त्याने सांगितलं. पंढरी नावाचा मुलगा होता, लांबच्या गावचा, आईबाप नाहीत. सुट्टी लागली की सगळे घरी जायचे, हा इथेच राहायचा. मागच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. खाटेवर भिंतीला टेकून बसला तो बसलाच. जूनमध्ये पोरं परत आली तेव्हा दार उघडलं.

मी विचारलं, इतके दिवस कुणालाच कळलं नाही?

गोमाजी म्हणाला, "मना वाटला गेला आसंल कुनाच्या तरी घरा. मी रोज गेटावं व्हतो रं. वर जाऊन बघला नाय." मग उठताना म्हणाला, "त्या खोलीन बसू नको, सहदेव. काम झाला का भायेर याचा."

मला भीती नाही वाटली. वाईट वाटलं. वीस वर्षांचा पोरगा आणि त्याला हाक मारायला कुणी नाही. पुन्हा रंग द्यायला हात उचलेना. ब्रश धुऊन ठेवला.

११ मे, गुरुवार

दुपारची भाकरी वर नेली आणि त्या खाटेवर बसून खाल्ली. म्हटलं, पंढरी, सोबत म्हणून बसतो हो. डागाच्या शेजारी पाठ टेकली. भिंत ऊबदार होती. त्या भिंतीवर ऊन येत नाही, तरी ऊबदार. झोपलेल्या माणसाच्या पाठीला पाठ लागावी तशी.

खूप बोललो. हौसाचं आजारपण, तिला केईएमला नेलेलं, शेवटी तिने मागितलेला चहा आणि मी तो आणेपर्यंत मिटलेले डोळे. हे मी रंगूलासुद्धा सांगितलेलं नाही. बोलून हलकं वाटलं. तिथेच डोळा लागला. किती दिवसांनी अशी झोप लागली.

१३ मे, शनिवार

रोज जातो. काम मागे पडलंय, होईल. सकाळपासून दुपारची वाट बघतो. आज उठायला जरा जड गेलं. पाठ भिंतीपासून सुटताना चिकटलेला कागद निघावा तसा आवाज झाला. सदऱ्यावर तेल आहे, धुतलं तरी जात नाही.

१४ मे, रविवार

रंगू आली, पुरणपोळ्या घेऊन. मी मागच्या नळाचा वॉशर बदलत होतो. ती धावतच मागे आली. चेहरा पांढरा पडलेला.

म्हणाली, "दादा, तू इथं आहेस? मग वरून कोण बोललं?"

तिने खाली जिन्याशी उभं राहून दादा म्हणून हाक मारली, तर वरून उत्तर आलं, आलो आलो, हात धुतोय. माझ्याच आवाजात. ती थांबली, कुणी येईना, म्हणून मागे शोधायला आली.

मी म्हटलं, रिकामी इमारत आहे, आवाज घुमतात. तिने माझा सदरा मागून बघितला, गळ्याखालचं हाड बघितलं. म्हणाली, वाळलायस. आजच चल. मी म्हटलं, एवढं काम उरकतो. ती रडकुंडीला आली. तिला विठ्ठलवाडीला गाडीत बसवून आलो. फलाटावर तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला होता. तिचा हात गार होता आणि मला तो नकोसा वाटला. हे लिहिताना लाज वाटते. पण त्या वेळी मला वरच्या भिंतीची आठवण येत होती.

१६ मे, मंगळवार

आज आत बसलो नाही. खोलीला कुलूप घातलं. रंगूचं बोलणं डोक्यातून जात नाही.

दुपारी जिन्यात उभा राहून ऐकलं. दाराआड कुणीतरी बोलतंय. माझाच आवाज. हौसाला केईएमला नेलं, असं. तिने चहा मागितला, असं. मी सांगितलं तसंच, शब्दाला शब्द. एक वाक्य चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पोरं परीक्षेसाठी पाठ करतात तसं.

माझं बोलणं तो पाठ करतोय.

१८ मे, गुरुवार

गोमाजीला सगळं सांगितलं. तो हसला नाही, घाबरला. त्याने ऑफिस उघडून रंगूच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. रंगू म्हणाली, नवऱ्याला घेऊन रविवारी येते, सामान बांधून ठेव. गोमाजी म्हणाला, तवर माझ्या घरा चल, मासं-भात खा, पोरांत बस. मी म्हटलं, उद्या येतो. का म्हटलं? आजच का गेलो नाही?

जिन्याखाली परत आलो. माझ्या खोलीत, माझ्या खाटेशी, भिंतीवर गोल डाग. मी इथे कधी डोकं टेकून बसलेलो नाही. हौसाच्या फोटोपर्यंत पोचलाय. फोटो काढून ट्रंकेत ठेवला. काच तेलकट झालेली.

१९ मे, शुक्रवार

गोमाजी आज आलेला नाही. त्याच्या वाड्यातली एक बाई गेटावर सांगून गेली, ताप भरलाय.

डायरी काखेत मारून गोमाजीकडे निघालो, गेटापर्यंत गेलो. कडी काढली. बाहेर रस्ता, ऊन, सायकलवरून जाणारा एक माणूस. आणि मागून — वरून — कण्हल्याचा आवाज. पाणी मागत होता. माझ्या आवाजात नाही, पोरगेल्या आवाजात. पाणी, कुणी आहे का, पाणी.

कुणी वर जाऊन बघितलं नव्हतं. तसं मलाही करवेना.

पाणी घेऊन गेलो. कुलूप उघडलं. खाट रिकामी. भिंत रिकामी, पांढरी, मी रंगवली तशी. डाग नाही. मला बरं वाटलं. वाटलं, सुटला बिचारा. तांब्या ठेवला. जरा टेकलो. गुडघे दुखत होते म्हणून, जरा —

शनिवार

उठता येत नाही.

दुखत नाही. ऊब आहे. सदऱ्याची बटणं काढली, सदरा सोडून सुटावं म्हणून. सदरा नाहीच चिकटलेला. पाठ चिकटलीय. पुढे वाकलो की आतून ओढ लागते, केस धरून मागे ओढावं तशी.

ओरडलो. खिडकी खाडीकडे. तिकडे कुणी नाही.

तो माझ्याशेजारी नाही. तो खाली आहे. जिन्यात पावलं ऐकली. माझी चप्पल घालून — फट फट — नळ उघडला, बंद केला. बादली सरकवली. झाडू मारतोय. मी गुणगुणतो तसं गुणगुणतोय.

तांब्यातलं पाणी संपलं.

रविवार

डोकं टेकलंय. उचलत नाही. हात तेवढे माझे. डायरी मांडीवर.

सगळं आठवतं. सगळं त्याला सांगितलंय — हौसा, कंपनी, गाव. आता काय उरलं माझ्याकडे. हौसाच्या तोंडाकडे बघायला जातो तर चेहराच —

गेट वाजलं.

रंगू. दादा, ए दादा. एकटी आलीय. नवऱ्याला ड्यूटी लागली म्हणतेय, खालूनच, मोठ्याने. बांगड्या वाजतायत.

रंगू येऊ नको

घशातून हवा निघते, आवाज नाही. आवाज त्याच्याकडे

तो बोलतोय तिच्याशी. खाली. ये गं रंगे, सामान वर आहे, चल हात लाव. ती हसली. म्हणाली, आज तब्येत बरी दिसते रे तुझी.

रंगे तो मी नाही

जिना चढतायत. दोघं. तो पुढे. ती विचारते, एवढ्या वर कुठे राहायला गेलास. तो म्हणतो, इथं बरं वाटतं, सोबत असते. ती म्हणते, कुणाची

दाराशी. भिंतीवर तिला दिसेल का मी — की नुसता डाग — रंगे, माझ्याकडे बघ, टेकू नकोस, काही झालं तरी टेकू —