निंबाखालचे दोन आटे

मलकापूर,
लक्ष्मीपूजन

प्रिय प्रसेनजित,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं, खोटं कशाला बोलू. पण दुसरे जे शब्द सुचले ते दिवाळीच्या दिवशी लिहिण्यासारखे नव्हते. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र पिकअपवाल्या दीपकच्या हाती पाठवतोय. त्याला बजावलं आहे, पत्र पुरतं वाचून होईस्तोवर तुझ्या शेडमधून एकही पिकअप बाहेर जाऊ द्यायची नाही. भाऊबीजेपर्यंत कापसाची वेचणी बंद, गाड्या उभ्या आहेत. तेवढाच वेळ आपल्याजवळ आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

मागच्या वर्षीचा दसरा माझ्या डोक्यातून जात नाही. हत्यारांची पूजा मांडताना दरवर्षीसारखी डावीकडे माझ्या पान्यांची रांग लावली, उजवीकडची जागा तुझ्या पान्यांना सोडली. आईने तुझ्यासाठी कटाची आमटी वेगळी, जास्त तिखट करून ठेवली होती. अकरा वाजले, बारा वाजले. तुझी पेटी ठेवायच्या फळीवर पाहिलं तर पेटीच नाही, नुसता तेलाचा चौकोनी डाग. आई म्हणाली, “येईन तो, गाडी भेटली नसंन त्याले.” संध्याकाळी सोनं वाटायला आलेल्या एकाने सांगितलं, वडनेर भोलजीला हायवेला लागून नवीन दुकान उघडलं, नारळ फुटला, आणि बोर्डावर काय लिहिलंय माहीत आहे का. ‘शेषराव पद्धतीचे पिकअप पाटे. उड्या बंद, झोके बंद.’

माझ्या बापाचं नाव, प्रसेनजित! जाताना सांगून गेला असतास, भांडून गेला असतास तरी चाललं असतं. अकरा वर्षं एका डब्यातून जेवलो आपण. बाबा गेले तेव्हा तिरडीला तूही खांदा दिलास. “जीव गेला तरी तुह्यासंगंच राहीन बे,” हे स्मशानातून परतताना तूच म्हणाला होतास, मी तुझ्या तोंडात घातलेलं नाही. आणि जायची वेळ आली तेव्हा पेटी उचललीस आणि सोबत बाबांचं नावही उचललंस. त्या दिवसापासून वडनेरवरून जाताना मी मान दुसरीकडे वळवतो. तुझं तोंड दिसू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर बोर्ड पाहून रडू येतं म्हणूनही.

तुला आठवतं ना, पाट्यांचा हा जोड बाबांना कसा सापडला ते? पिकअप रिकामी असली की उड्या मारते, भरली की वळणावर झोके खाते, ही सगळ्या ड्रायव्हरांची रड. सगळे मिस्त्री एकच इलाज करायचे, चाकांवरच्या स्प्रिंगला अजून एक जाड पाटा घाला. मग गाडी बसायची नाही, पण माणसाचं कंबरडं बसायचं. बाबांनी उलटं केलं. खालचा जाड पाटा काढला, दोन पातळ आणि लांब पाटे घातले, आणि त्यांच्या मध्ये कापसाच्या जिनिंग मिलमधल्या जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे कापून बसवले. पुढे मागे नवे शॉकअप. दुसरबीडचा तो अंडीवाला पहिल्यांदा आला तेव्हा आपण त्याला हसलो होतो, एवढ्या लांबून कोण पाट्यासाठी येतं म्हणून. तो अंड्यांचे ट्रे भरून राजूर घाट उतरला आणि खाली पोचल्यावर त्याने बाबांना फोन केला, एक अंडं फुटलं नाही. बाबांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद करून आपल्या दोघांना जिलेबी खाऊ घातली होती.

आता मूळ गोष्टीवर येतो. मागच्या बुधवारी दीपकची पिकअप दोरीने ओढत माझ्याकडे आणली. तुझ्याकडे बसवलेले पाटे, जेमतेम दीड महिन्यापूर्वीचे. शेतातून परतताना नाल्याच्या उताराला पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटला, मागचा धुरा सरकला आणि गाडी आडवी होऊन खड्ड्यात गेली. मागे वेचणीच्या बारा बाया बसलेल्या. तानाबाईचं मनगट मोडलं, बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं. त्या बारांमध्ये तुझी आई होती, आमच्या जनकामावशी, हे तुला कुणी सांगितलं का? त्यांनी कोपरावर पदर ओढून तुझ्यापासून लपवलं असेल. मी ओळखतो त्यांना.

मी गाडीखाली गेलो. जिनिंगचा पट्टा बरोबर कापलेला होता, पाट्यांची लांबी बरोबर, कडा घासून गोल केलेल्या. माझ्यापेक्षा सफाई होती, हे मान्य करतो. पण पाटे धुऱ्याला आवळून धरणारे यू-बोल्ट बोटाने हलत होते. आणि ते पाहून, प्रसेनजित, मला बरं वाटलं. गाडीखाली उताणा पडून मी हसलो. म्हटलं, घे, लाव अजून माझ्या बापाचं नाव. लिहायला लाज वाटते आहे, पण तसं झालं.

बाहेर आलो तर समोर जनकामावशी उभ्या. तानाबाईला दवाखान्यात बसवून त्या पायी दुकानापर्यंत आल्या होत्या. लुगड्याला कापूस तसाच चिकटलेला. मला म्हणाल्या, “काऊन रे गोकुळ, आमच्या पोराचं काम कच्चं हाये का?” मी हात पुसत म्हणालो, “हो मावशी, कच्चं आहे.” त्यांनी वाकून पाट्यांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “शेषरावभाऊनं तं त्याले सारं शिकवलं म्हणे.” आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या.

तेव्हापासून मला झोप नाही. कारण सारं शिकवलं नव्हतं.

तुला ट्रायल आठवते? काम झालं की आपण दोघं सरकीची पोती गाडीत चढवायचो. मग मी म्हणायचो, तू दुकान बघ, मी वडनेरपर्यंत चक्कर मारून येतो. दर गाडीला, अकरा वर्षं. एकदा तू हट्टच धरलास, आज मी पण येतो. मी तुला चहा सांगायला पाठवलं आणि तू वळताच गाडी काढली. तू दोन कटिंग हातात धरून रस्त्यावर उभा राहिलास, हे मी आरशात पाहिलं. परत आलो तेव्हा माझ्या पाठीला माती होती आणि तू ती झटकलीस. तुला त्या दिवशीच कळलं होतं का, की काहीतरी लपवतोय? म्हणून गेलास का? बाबांचं पहिल्यापासूनचं बजावणं होतं, शेवटच्या दुखण्यातही त्यांनी मला बोलावून तेच सांगितलं, “सारं शिकव त्याले, पण निंबाखालचं आपल्या घरात ठेव.” आणि मी ठेवलं. चारचौघांत तुला घरचा म्हणत होतो आणि हे एक घरात ठेवत होतो. तुझा दगा सगळ्या मलकापुराने पाहिला, माझा कुणाला दिसला नाही, एवढाच फरक.

तर ऐक. जॅकवर आवळलेला बोल्ट घट्ट वाटतो, पण तो घट्ट नसतो. साध्या पाट्यांत खपून जातं, आपल्या जोडात रबर आहे, ते पहिल्या भाराला दबतं आणि बोल्ट ढिला पडतो. म्हणून गाडी पुरती भरायची, पंधरा-वीस किलोमीटर चालवायची, आणि भार न उतरवता, चाकांवर उभी असतानाच आठही नट परत आवळायचे, समोरासमोरचे, आळीपाळीने. दोन आटे जातात, कधी अडीच. मी ते तुझ्या दुकानासमोरच्या निंबाखाली करायचो. तू नेमका त्याच झाडासमोर बोर्ड लावलास आणि तुला माहीत नाही तिथे काय होतं! दीपक म्हणतो, तुझ्या हातच्या अजून नऊ गाड्या आहेत. नवव्या गाडीपर्यंत सगळ्यांना बोलावून घे, भाऊबीजेच्या सकाळी. सरकीची पोती घेऊन मी येतो. बोर्डाचा राग गेलेला नाही, त्यावर आपण भांडू, पण नंतर. आधी जनकामावशींना निंबाखाली खुर्ची टाकून बसव. त्यांच्या पोराचं काम कच्चं नव्हतं, कच्चं शिकवणं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर सांगायचं आहे. मग पाना तू घे, तूच आवळ. चहा सांगायला या वेळी मी जातो.

तुझाच,
गोकुळ