अक्काने मेल उघडला

३० सप्टेंबर २०१८, रविवार

आजपासून रोजनिशी. आमच्या लेकीचं, मनूचं, लग्न ठरलं. १३ डिसेंबर, लातूर. मोठं काम आहे, नोंद राहिलेली बरी.

संकल्प: सगळी आमंत्रणं ईमेलने. छापील पत्रिका अगदी मोजक्या, देवापुढे ठेवायला वगैरे.

हे काम माझ्याइतकं मराठवाड्यात कोणाला जमणार नाही. आमच्या ज्ञानशिखर क्लासमध्ये मी आधी इंग्लिश शिकवायचो. पण मुलांना डॉक्टर व्हायचं असतं आणि त्या परीक्षेत इंग्लिशचा पेपर नसतो, हे आमच्या मालकांच्या, म्हणजे शेषेराव सरांच्या, लक्षात आलं. त्यांनी मला कम्युनिकेशन हेड केलं. कार्यक्रमाचं आमंत्रण पालकांना मेलने पाठवायचं, हे माझं खातं. बायकोचं, म्हणजे राजश्रीचं, म्हणणं असं की माझी खुर्ची जिन्याखाली हलवली. जिन्याखाली नेटवर्क चांगलं येतं.

माझी खासियत विषयाची ओळ. मेल कोण वाचतं? लोक विषय वाचतात. माणूस येणार की नाही ते तिथंच ठरतं.

टीव्हीवर सकाळपासून भूकंपाची पंचवीस वर्षं. तेव्हा मी औशाजवळच्या एका शाळेवर होतो. खोलीची भिंत पडली, मला खरचटलंही नाही. फोन सगळे बंद. आणि दोन-तीन दिवसांनी बघतो तर भर पावसात अक्का उभी. माझी थोरली बहीण. नांदेडहून भाकरी आणि घोंगड्या घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये उभ्याने आली होती, गावोगाव माझं नाव विचारत. मला बघितल्यावर आधी एक चापट मारली, मग चिखलातच बसून रडली.

तेव्हा ईमेल असता तर? विषय: मी सुखरूप आहे. झालं! बिचारीचा एवढा त्रास वाचला असता. (हे उदाहरण वर्कशॉपमध्ये वापरावे.)

७ ऑक्टोबर, रविवार

पुढच्या रविवारी क्लासचा पालक मेळावा. विषयाची ओळ तीन दिवस घासली. 'पालक मेळाव्याचे निमंत्रण' हे मेलेलं वाक्य. शेवटी: 'तुमच्या लेकराचा पांढरा कोट आणि तुमची राखीव खुर्ची'.

पाठवला. मेल कोणी उघडला ते सांगणारं सॉफ्टवेअर मी बसवून घेतलंय. धडाधड उघडतायत! भोकर, उमरी, रेणापूर, देगलूर, सगळ्या तालुक्यांचे पालक. शेषेराव सरांना सांगून मोठा हॉल घ्यायला लावला. चारशे माणसांचे पोहे.

१४ ऑक्टोबर, रविवार

आले नऊ जण.

त्यातले दोघे पालक नव्हतेच. देगलूरचा धोंडप्पा झेरॉक्सवाला आणि त्याची बायको लक्ष्मम्मा. त्या भागातल्या बहुतेक मुलांचे फॉर्म धोंडप्पा भरतो. आईबापांकडे ईमेल नसतो, म्हणून त्या रकान्यात तो स्वतःचाच टाकतो. आमची बहुतेक आमंत्रणं त्यालाच गेली. त्याने एकेक उघडून वाचलं. म्हणाला, सर, इतक्यांदा बोलवून राहिले म्हंजे न्हाई गेलं तर दंड-बिंड असंल, म्हणून दुकान बंद करून आलो. दोघांनी पोहे दोनदा घेतले. समाधानी दिसले.

शेषेराव सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मी त्यांना उघडण्याचं प्रमाण दाखवलं. ते म्हणाले, औरादकर, आता चारशे माणसांचे पोहे तुम्ही उघडा.

निष्कर्ष: विषयाची ओळ उत्तम होती. लोकांकडे ईमेल नव्हते, हा माझा दोष नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

आज लग्नाची आमंत्रणं सुरू. पहिला मान अक्काचा.

राजश्री म्हणाली, अक्षत घेऊन नांदेडला जा. अक्का घरची लेक आहे, मनूची आत्या आहे, मनूचं नाव तिनं ठेवलंय. लेकीला कार्याला आणायचं तर माहेरचं माणूस न्यायला जातं. मी समजावलं की ही चाल पोस्ट नव्हतं तेव्हाची. ती म्हणाली, पोस्ट तुमच्या आजोबांच्या वेळीही होतं. मुद्दा भरकटला.

अक्का नांदेडला एकटीच असते. मेहुणे गेले, भाचा दुबईत. म्हणूनच चार वर्षांपूर्वी तिला ईमेल काढून दिला, माझ्याच फोनवर, मीच. तिला म्हटलं, आता तू जगाशी जोडली गेलीस. ती म्हणाली, बरं बाबा.

विषयाची ओळ: 'अक्का, एक गोड बातमी (आत बघ!)'. कुतूहल तयार होतं.

संध्याकाळ. उघडला! तासाभरात! राजश्रीला हाक मारून सांगणार होतो, पण ती स्वयंपाकघरात रुखवताचे व्हिडिओ बघण्यात गर्क होती. माझा जुना फोन तिला देऊन टाकलाय, दिवसभर तेच.

९ नोव्हेंबर, भाऊबीज

नांदेडला जायचं होतं. पण क्लासची दिवाळी बॅच, त्यांच्या सत्काराचे मेल आजच जायला हवे होते. अक्काला मेल केला. विषय: 'भाऊबीज घरबसल्या!' सोबत माझा टिळा लावलेला फोटो. टिळा राजश्रीकडून लावून घेतला. तिनं लावला, पण कपाळावर जरा जोरात दाबून.

अक्काने लगेच उघडला.

संध्याकाळी फोन केला. म्हणाली, चंद्राला ओवाळलं रे. भाऊ आला नाही की बहिणी चंद्राला ओवाळतात, ती जुनी रीत. पुढच्या वर्षी नक्की, असं मी म्हणालो. मनूच्या लग्नाचं विचारलं तिनं. मी म्हणालो, मेलमध्ये सगळं आहे, बघितलंस ना? ती म्हणाली, हाव, बघते की.

'हाव' म्हणाली. म्हणजे नक्की.

ते चंद्राचं ऐकल्यापासून चकली खाववत नाही. चकल्यांचं तेल चांगलं नसावं.

२५ नोव्हेंबर, रविवार

पहिली अक्षत सिद्धेश्वराला ठेवली. देवाला ईमेल नाही. मग पत्रिका, शाल आणि श्रीफळ घेऊन शेषेराव सरांच्या घरी गेलो, सपत्नीक. त्यांच्याकडे तसं जावंच लागतं.

परत येताना राजश्री म्हणाली, सरांकडे गेलात, मग अक्कांकडे? मी म्हणालो, अक्का घरची आहे, घरच्यांशी कसली औपचारिकता. घरी आल्यावर म्हणाली, मी जाऊन येऊ का? मी नको म्हटलं. एकाच माणसाला दोन बाजूंनी आमंत्रण गेलं तर आमंत्रणाचं वजन जातं. शिवाय राजश्रीला तरी वेळ कुठे आहे.

एक गंमत. सॉफ्टवेअर दाखवतंय की अक्काने मेल लातूरमध्ये उघडले. दोन दिवस विचार केला. नांदेडचं नेटवर्क लातूरवरून फिरून येत असणार.

२ डिसेंबर, रविवार

अक्काला फोन. म्हटलं, टॅक्सी सांगतो, दारातून दारात. ती म्हणाली, टॅक्सी नको रे. कुणी न्यायला आलं की येते. मी म्हणालो, अगं, ड्रायव्हर न्यायलाच येतो की. ती म्हणाली, तू कामात असशील, ऱ्हाऊ दे.

मग तिची शेजारीण शिवगंगा, तिनं फोन घेतला. म्हणाली, भाऊ, तुम्ही कवा येऊन राहिले? मी सांगितलं, लग्न इकडे आहे, मी तिकडे कशाला येऊ? या बाईला नीट कळत नाही.

'येते' असं अक्का स्वतः म्हणाली आहे. तरी रिमाइंडर पाठवला. विषय: 'शेवटची संधी! आत्याचा मान फक्त तुझ्यासाठी राखीव'. दहा मिनिटांत उघडला.

१० डिसेंबर, सोमवार

अक्काची खोली तयार. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही, म्हणून उंच खुर्ची आणून ठेवली. तिला आवडते तसली जाड गोधडी. मांडवात अगदी पुढे तिची जागा. तिची पैठणी मी स्वतः निवडली, जांभळी.

तिनं मला बघितल्यावर चापट मारली तरी चालेल. किती दिवसांत मारलेली नाही.

१२ डिसेंबर, बुधवार

हळद झाली. अक्का नाही. नांदेडच्या तीन गाड्या बघून आलो, नेसत्या धोतरावर.

संध्याकाळी फोन लावला. विचारलं, कुठवर आलीस? म्हणाली, घरीच हाय रे. हळद लागली का मनूला? मुहूर्त किती वाजताचा? मी सांगितलं, बारा पस्तीस. म्हटलं, आत्ता गाडी पाठवतो. म्हणाली, आता नको. आता कुठं. मनूला माझा आशीर्वाद हाय.

मला राग आला. एवढे मेल. सगळे उघडले. वाचून, विचार करून, न येण्याचं ठरवलं तिनं! ठीक आहे. आमंत्रणात माझ्याकडून काही कमी राहिलेलं नाही.

१३ डिसेंबर, गुरुवार

लग्न लागलं.

मनू बोहल्याकडे जाताना सारखी दाराकडे बघत होती. मला हळूच म्हणाली, बाबा, आत्याला आणायला कोण गेलंय? मी म्हणालो, अगं, सिस्टीमवर तर...

पैठणी घडी न मोडता घरी आणली.

१६ डिसेंबर, रविवार

सकाळच्या एसटीने नांदेडला गेलो. जाब विचारायला. कोणता मेल केव्हा उघडला याचा कागद छापून घेतला होता. खिशात लग्नातल्या उरलेल्या अक्षता. त्या का घेतल्या माहीत नाही.

अक्का ओट्यावर बसली होती. मला बघून उठायला लागली, गुडघ्यामुळे पटकन उठता येईना. मी कागद पुढे केला. तिनं चष्मा लावून वाचला. म्हणाली, हे काय हाय? मी म्हणालो, तू उघडलेले मेल. तिनं कमरेच्या पिशवीतून फोन काढून माझ्या हातावर ठेवला. बटणांचा. म्हणाली, याच्यात येते का ते? मला वाटलं, तू कामाच्या गडबडीत बोलून राहिलास, म्हणून हाव म्हणत गेले.

शिवगंगा दारात उभी होती. ती सांगत सुटली. तुळशीचं लग्न झाल्यापासून अक्कांची पिशवी भरून दाराशी हाय. रोज सकाळी तयार होऊन ओट्यावर बसतात. रिक्षा थांबली की केस सारखे करतात. म्हणतात, भाऊ आला असंल. लग्नाच्या दिवशी नवीन लुगडं नेसल्या, घड्याळ बघून बारा पस्तीसला लातूरच्या बाजूला तोंड करून तांदूळ टाकल्या. मी म्हणलं, अक्का, मी पण टाकू का? तर म्हणल्या, टाक, लेकरू तुझंबी हाय.

अक्का तिच्यावर ओरडली, गप बस म्हणून.

वरणभात वाढला मला. जेवताना मी विचारलं, भूकंपाच्या वेळी कुणी बोलावलं होतं तुला? तेव्हा आलीसच ना? ती तूप वाढता वाढता म्हणाली, तेव्हा तू जिवंत हाईस का न्हाई तेच ठाऊक नव्हतं. वाईट वेळेला न बोलावता जावं लागतं रे. चांगल्या कार्याला बोलावल्याशिवाय कसं यावं?

हे ती रागाने म्हणाली नाही. मी तो छापलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

निघताना खिशातल्या अक्षता काढून तिच्या हातावर ठेवल्या. म्हणाली, आता कशाचं बोलावणं? पण तशाच मुठीत धरून देव्हाऱ्यात ठेवून आली. आणि दाराजवळची पिशवी मला दिली. मनूची साडी, हिरवा चुडा. बांगड्या मधी ठेव, फुटतील, असं फाटकापर्यंत सांगत होती. चापट मारली नाही.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि खूप रडलो. शेजारच्याने खिडकी उघडून दिली.

१७ डिसेंबर, सोमवार

राजश्रीला सगळं सांगितलं. मग विचारलं, तर ते मेल उघडत कोण होतं? ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि माझा जुना फोन घेऊन आली. म्हणाली, अहो, हा रुखवताचे व्हिडिओ बघताना मध्येच टिंग वाजायचा. त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून मी उघडायचे. वाचत नव्हते. मला वाटलं, क्लासचं काहीतरी.

अक्काचा ईमेल त्याच फोनवर राहिला होता. लातूर. बरोबर.

दुपारी राजश्री मनूकडे अक्काची पिशवी द्यायला गेली. घरी मी एकटा. कॉम्प्युटर लावला, अक्काला मेल लिहायला घेतला. विषयाच्या जागी 'अक्का' एवढंच लिहिलं. तसाच पाठवला.

स्वयंपाकघरात टिंग वाजलं.

संध्याकाळपर्यंत बघत बसलो. कोणी उघडला नाही.