बाटलीवरचं बारीक अक्षर

पुणे, ३ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि या बाबतीत निम्मं ऐकून भागायचं नाही, म्हणून लिहिते. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. श्रीनिधीला तेवढे दिवस तुझ्याकडे ठेवावं म्हणते. चार वर्षं पाठवलं नाही म्हणून तू रुसलीस, पण कारण तुला ठाऊक आहे. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी तिचा घसा सुजतो, श्वास अडतो. आणि आपल्याकडे कूट घातल्याशिवाय काकडीसुद्धा पानात येत नाही.

कोशिंबिरीऐवजी ती काकडीवर बाटलीतलं लिंबाचं ड्रेसिंग घालून खाते. एक बाटली सोबत देते. दुसरी घ्यावी लागली तर मागचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाच. कधी कधी अगदी खाली लिहिलेलं असतं की त्याच कारखान्यात शेंगदाण्याचेही पदार्थ बनतात. तसली नको. श्रीनिधीलाही शिकवलंय, वाचल्याशिवाय ती काही तोंडात घालत नाही.

लोभ तर आहेच, या खेपेला जरा धाकही असू दे.

तुझी,
हेमा

गंगाखेड, १९ मे

चि. सौ. हेमास अनेक आशीर्वाद.

लेक मजेत आहे, तू पथ्यानं राहा. तुझी बाटली आठवड्यात संपली. मग तुझे भाऊजी आणि मी भिंग घेऊन रामहरीच्या दुकानात. एकीत शेंगदाणा, दुसरीवर तुझं ते कारखान्याचं वाक्य, तिसरीवरचं अक्षरच पुसलेलं. रामहरी वैतागून म्हणाला, काकू, बाटली घ्यायलाव का परीक्षेला बसायलाव? शेवटी त्यानं परभणीहून तू दिलीस तसलीच मागवली. तीही वाचली, मगच घरात आणली.

शेंगदाणे, कूट, खलबत्ता, सगळं शेजारी बायनाबाईकडे नेऊन ठेवलंय. स्वयंपाक करडईच्या तेलात. बिनकुटाची भाजी खाताना भाऊजी सुतकात बसल्यासारखे दिसतात, पण पान टाकत नाहीत. तुझी रिकामी बाटली आतून घासून ठेवली, इतकी चांगली काच टाकवत नाही.

हेमा, या घरात लेकराचा आवाज असला की मला तो नीट ऐकू येतो. दरवर्षी पाठवत जा.

आठवण ठेवतेसच, ती वाढू दे.

तुझी ताई

गंगाखेड, २९ मे

चि. सौ. हेमास आशीर्वाद.

ओल्या टाक्यांनी तू परभणीच्या दवाखान्यात आलीस, तिला घेऊन गेलीस, माझ्याकडे पाहिलंही नाहीस. तिथं बोलता आलं नाही ते लिहिते.

देवापुढच्या दिव्याचं घाण्याचं शेंगतेल त्या रिकाम्या बाटलीत मीच भरलं होतं. घरातला दाणा न् दाणा बाहेर काढला, पण ते तेल मनातसुद्धा आलं नाही. ते देवाचं. ते कुणी खाईल असं मी कधी धरलंच नाही. मी अंघोळीला गेले होते. तिला भूक लागली, देवघराच्या फळीवर बाटली दिसली. तू शिकवल्याप्रमाणं तिनं लेबल सगळं वाचलं आणि काकडीवर ओतलं.

गल्लीतल्या नर्सबाईंनी तू दिलेलं इंजेक्शन टोचलं म्हणून परभणी गाठता आली. ओठ सुजले होते, बोलता येत नव्हतं, तरी लेकरू बाटली पुढं करून मला बोटानं लेबल दाखवत होतं. आपलं काही चुकलं नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. ते बोट मला दिवसभर दिसतं.

लोभ मागायचं तोंड नाही.

ताई

पुणे, १८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग होता, तो आता उरला नाही. तू जपण्यात कसूर केली नाहीस, हे मी जाणते. पण तिला पुन्हा पाठवायला माझं मन धजणार नाही. तसं वचन मागू नकोस.

श्रीनिधी बरी आहे. लेबल अजून वाचते, पूर्वीपेक्षा सावकाश. वाचून झालं की बाटली माझ्याकडे सरकवते आणि म्हणते, "आई, तू आधी खा." शेंगदाण्यानं मला काही होत नाही, हे तिला माहीत आहे. तरी मी खाते. ती माझ्या ओठांकडे बघत बसते, आणि मग काकडी कोरडीच खाते.

लोभ असू दे असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते.

हेमा