दोन तळव्यांची कणगी

बुलावायो
२ मे १९९४

चि. झेंझोस,
अ. उ. आ. पन्नाशीला टेकलास तरी मला चिरंजीवच, रागावू नकोस.

खायच्या वाळवलेल्या अळ्यांचा डबा मिळाला. वाटेत कमी झालेला दिसत नाही, म्हणजे थोकोने तो नवऱ्याच्या हाती न देता स्वतःच बसवर चढवला असणार.

आईला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, थंडी सरेपर्यंत नजर राहील, पुढचं सांगता येत नाही. आई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, की अभयारण्याचं फाटक किती वाजता उघडतं. तिला तुझ्या गुहेत यायचंय. भिंतीवरचे जिराफ आणि शिकारी तिने लहानपणापासून पाहिलेत, ते तिला नकोत. मागच्या अंगाची आपली मातीची कणगी बघायचीय. अभयारण्यासाठी आपल्याला टेकड्यांतून उठवलं तेव्हा मागे राहिली ती. तू तिथला रखवालदार, परवानगी काढून ठेव. मला शाळेच्या स्वयंपाकघरातून रजा नाही; तिला एकटीला बसमध्ये बसवीन.

पत्राची वाट पाहते.
नोमालांगा

माटोबो
१६ मे

ती. ताईस,
सा. न. आईच्या पायांनाही.

आईच्या डोळ्यांचं वाचून काही सुचेना. पण येण्याची घाई नको. छपराचं गवत कापायला गावच्या बायका आत असतात, वाटेवर गर्दी आहे. त्यातच गेंड्याची मादी पिल्लाला घेऊन फिरते. या आठवड्यात तिने मला दोनदा झाडावर चढवलं. थोको म्हणते, की आमच्या कुळाचं देवकच माकड, तेव्हा शोभून दिसतं.

बुधवारी टेकड्यांच्या देवाचा विसावा, कुणी काही करत नाही. शनिवारी गुहा बघायला पाहुणे असतात, रविवारी प्रार्थना. आणि ताई, कणगी जुनी झाली गं. तिच्यात बघण्यासारखं काय राहिलंय? त्यापेक्षा मीच शहरात येऊन आईला भेटेन.

हल्ली जेवण जात नाही. आलोच जरा, म्हणून उठतो आणि अंगणात फेऱ्या मारत राहतो. हवा बदलली असेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
झेंझो

बुलावायो
२३ मे

चि. झेंझोस,
अ. उ. आ.

तुझे सगळे वार वजा केले तरी चार उरतात. चारही दिवस ती मादी तुझीच वाट बघत बसते का रे? साहेबांना विचारलंस की नाही, ते पत्रात कुठेच नाही. आईने मला तीनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, की हा लहानपणी मडकं फोडून आला की असाच गुरांबद्दल बोलत सुटायचा.

आता तुला सांगावं लागणार. तुझ्याआधी आपल्याला एक भाऊ होता. चालायला लागला आणि गेला. गेलेल्या लेकराचं नाव आपल्या घरात घेत नाहीत, म्हणून तुझ्यासमोर कधी निघालं नाही. आईने कणगी लिंपली तेव्हा ओल्या मातीत माझा हात दाबला आणि शेजारी त्याचा. मागच्या बाजूला, भिंतीकडे, अगदी खाली. त्याचा फोटो नाही, अंगरखा नाही. तेवढा तळवा आहे. नजर आहे तोवर आईला तो बघायचाय.

आता बोल, गेंडा काय म्हणतो?
नोमालांगा

माटोबो
३० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कणगी नाही. मी फोडली.

दोन वर्षांपूर्वी दुष्काळात आमची कणगी रिकामी पडली, तिला वाळवी लागली. पाऊस झाल्यावर नवी घालायची होती. जुन्या कणगीची माती नवीत मळली की ती रिकामी राहत नाही, हे आईनेच शिकवलेलं. माझ्या मनात गुहेतली आली. बबून माकडांनी तिचा काठ पाडलाच होता. तीन पोती माती पाठीवरून आणली. कुणाला विचारलं नाही. पाहुण्यांना मी सांगतो, की दगडाला बोटसुद्धा लावू नका. मीच तो.

मागच्या बाजूला अंधार होता आणि मी घाईत होतो. बघितलं नाही. थोकोने माती भिजवली, आम्ही दोघांनी पायांनी तुडवली. ताई, पायांनी.

आज साहेबांना सांगून आलो. प्रार्थनेला बसतो, पण शब्द येत नाहीत, फक्त तळपाय आठवतात. आईला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

लोभ ठेवशील असं लिहायला हात धजत नाही.
झेंझो

बुलावायो
६ जून

चि. झेंझोस,
अ. उ. आ.

मी आईला सगळं वाचून दाखवलं. मला तर तुझा इतका राग आला होता, की पत्र चुलीत घालणार होते. माझाही हात होता तिथे.

आई भुईमूग सोलत होती, सोलतच राहिली. मग तिने विचारलं, की थोकोने माती चाळली होती का, की ढेकळं तशीच गेली? आणखी मूठभर सोलून झाल्यावर, की त्या कणगीत दाणे आहेत ना? एवढ्यावर ती उठली आणि म्हणाली, तिकीट काढ.

पुढच्या मंगळवारच्या बसने ती येतेय. पायरीवरून हात धरून उतरव.
नोमालांगा

माटोबो
१७ जून

ती. ताईस,
सा. न.

आई सुखरूप आहे, अजून आठ दिवस राहीन म्हणते. मला गुहेवरून काढून फाटकावर बसवलंय, पण साहेबांनी मंगळवारी तेवढी परवानगी दिली. गुहेच्या तोंडाशी आईने टाळ्या वाजवून जागेला नमस्कार केला. कणगीचं नुसतं वर्तुळ उरलंय जमिनीवर. त्यात ती बसली. जिराफाकडे बघून म्हणाली, की हा वाळला, आमच्या झेंझोसारखा. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन तिने आमच्या कणगीवर हात फिरवला, पिठातला खडा शोधावा तसा. दुसरा दिवस बुधवार, मातीला हात लावायचा नाही. दिवसभर ती कणगीपाशी बसून आणि मी अंगणात फेऱ्या घालत.

गुरुवारी तिने थोकोकडून खालचा भाग ओल्या मातीने लिंपून घेतला. मग मातीला तोंड लावून त्याचं नाव घेतलं, एकदाच. मी ऐकलं. इथे लिहीत नाही. मग माझा हात ओढून मातीत दाबला. म्हणाली, की पंजा माकडासारखा मोठा आहे, पण आता मोठाच असता त्याचा.

शेजारी तुझ्या हाताची जागा सोडलीय. मी ओलं गोणपाट लावून ठेवलंय, सकाळ-दुपार पाणी शिंपडतो. रजा मिळत नसेल तर भांडून काढ. आज ऊन कडक आहे, गोणपाट दुपारपर्यंतच सुकतंय.

माया आहे ते ठाऊक आहे. पुढच्या शनिवारच्या बसने ये.
झेंझो