मोठी सॅक मिळणार नाही

शारजा, १२ मार्च २००१

प्रिय मुनाफ,

अस्सलामु अलैकुम. अल्लाच्या मेहेरबानीने आम्ही सगळी ठीक आहोत. अम्मीचा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. कॉलेजच्या पुस्तकांसाठी पाठवलेल्या सॅकमधून तू चोरून मारलेल्या भेकराचं मटण वाहतोस? आणि वर लिहितोस, "आपा, रक्त पाठीवर गळतं, मोठी वॉटरप्रूफ पाठव." लाज नाही वाटली?

ती सॅक मी दहा दुकानं फिरून निवडली. पट्टे दोन्ही हातांनी ओढून पाहिले, तेव्हा दुकानदार ओरडला, "बहेनजी, फाडोगी क्या?" घरी आणून वीस किलो तांदूळ भरले, ती पाठीवर घेऊन तीन जिने चढले, तेव्हा खात्री पटली.

मग तुला न सांगता आतल्या कप्प्यात तुझ्या रक्षणासाठी आयतुल कुर्सीचा तावीज शिवला. त्याच्यावर तू रक्ताळलेलं मटण टाकलंस! तौबा, तौबा!

तुला हवी तशी सॅक इथे मिळते. आतलं रबरी अस्तर काढून धुता येतं. मी तिची शिवण तपासली आणि सॅक न घेताच परत जागेवर ठेवली. फॉरेस्टवाल्यांनी तुला धरलं, तर अब्बांनी या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का?

पत्र मिळताच कप्पा उसव. सॅक धुऊन अम्मीकडे दे, नारळ ठेवायला होईल. तावीज मात्र गळ्यात घाल. मी एवढी ओरडले म्हणून तू शिकार सोडून घरी बसशील, असं मला वाटत नाही.

खुदा तुला सांभाळो.

तुझी आपा,
रुखसाना